ब्लफची खात्री किती हवी?

पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर पोकर खेळून आलेले हमखास सांगतात, समोरचा ब्लफ करतोय (हलक्या पानांवर रक्कम लावून घाबरवतोय) अशी निम्म्याहून जास्त खात्री असेल तरच कॉल करा, म्हणजे त्याच्याएवढी रक्कम घाला. हे साफ चूक आहे. पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांत, १००० आहेत, त्याने ५०० लावले. म्हणजे तुम्ही ५०० घालून १५०० जिंकू पाहताय. चारांत एकदा जरी तो ब्लफ निघाला तरी तुमची बरोबरी होते. २५ टक्के पुरे! त्याने पॉटएवढे १००० लावले, तर ३३ टक्के लागतात. (हिशेब टेबलावरचं सगळ्यांचं शेवटचं पान उघडल्यानंतरचा.) थरथरत्या हातांवर तर मुळीच जाऊ नका, भारी पानं आली तरी हात कापतात. त्याची आधीची खेळी आठवा: टेबलावर तिसरं बदाम पडेपर्यंत नुसता कॉल करणारा एकदम मोठी रक्कम लावतो, तेव्हा बहुधा फ्लशच (एकाच चिन्हाची पाच पानं) असतो.