टीमची वाटणी करण्याआधी: वाढत्या सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक 15 ते 60 इंजिनिअर असलेल्या, एकच प्रॉडक्ट चालवणाऱ्या कंपन्यांच्या संस्थापकांसाठी आणि सीटीओंसाठी (तांत्रिक प्रमुखांसाठी) आहे. अशा कंपन्यांना टीमची रचना ठरवून देणं हे आमचं काम. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फोनवरचा प्रश्न एकच असतो: "आठ-दहा जण होतो तेव्हा दर आठवड्याला काहीतरी लाइव्ह जायचं. आता पंचवीस आहोत, तरी महिना महिना काही हलत नाही. टीम कशा पाडायच्या ते सांगा." याचं उत्तर फोनवर का देता येत नाही ते पुढे येईलच. त्याआधी एक विनंती.

आम्ही येईपर्यंत नवा ऑर्ग चार्ट जाहीर करू नका

आमचा आणि तुमचा सर्वांत जास्त वेळ याच एका गोष्टीत जातो. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये एक स्लाइड दाखवली जाते: फ्रंटएंड (स्क्रीन), बॅकएंड (सर्व्हर), मोबाइल, क्यूए (टेस्टिंग) असे चार चौकोन आणि प्रत्येकात एका लीडचं नाव. सोमवारी आम्हाला फोन येतो, "स्ट्रक्चर ठरलंय, फक्त प्रोसेस बसवून द्या." तोवर चौघांनी लिंक्डइनवर पद बदललेलं असतं, घरी सांगितलेलं असतं, एखाद्याच्या लग्नाच्या बायोडेटातही ते गेलेलं असतं. मग काम तपासल्यावर दिसतं की चारपैकी दोन चौकोन मुळात असायलाच नको होते. पण आता चौकोन काढायचा म्हणजे माणसाचं पद काढायचं. तो पेपर टाकतो, 90 दिवसांचा नोटीस पीरियड सुरू होतो आणि बिलिंगचा कोड ज्याला तोंडपाठ होता तोच निघून जातो.

चौकोन कागदावर कितीही वेळा बदलता येतात. त्यात नाव लिहून ते सगळ्यांना दाखवलं की बदलता येत नाहीत. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: आधी कामाची मोजणी, मग हद्दी, मग नावं आणि सगळ्यात शेवटी घोषणा. शेताची वाटणी मोजणीआधी कोणी करत नाही, तसंच हे.

कौशल्यानुसार टीम पाडल्या की काय होतं

समजा तुमच्या ग्राहकाला ई-इनव्हॉइसवर बिलाचा पत्ता आणि माल पोचवण्याचा पत्ता वेगळे हवे आहेत. स्क्रीनवर काही रकाने, एपीआयमध्ये (स्क्रीन आणि सर्व्हर यांच्यातल्या दुव्यात) तपासणी, डेटाबेसमध्ये नवे कॉलम आणि सरकारी पोर्टलकडे जाणाऱ्या जेसनमध्ये (डेटा पाठवण्याच्या साच्यात) एक भाग. बिलिंग माहीत असलेल्या दोघांना हे चार दिवसांचं काम.

आता हेच चार चौकोनांत टाका. बॅकएंड टीम ते पुढच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरलेल्या टप्प्यात) घेते. एपीआय पक्का झाल्याशिवाय फ्रंटएंड हात लावत नाही, म्हणून त्यांचं काम त्यानंतरच्या स्प्रिंटमध्ये. क्यूएचा नंबर तिसऱ्यात. दोन आठवड्यांचा स्प्रिंट धरला तर चार दिवसांच्या कामाला सहा आठवडे लागतात. यात कोणीही कामचुकारपणा केलेला नसतो; उलट जिरामध्ये (कामाची तिकिटं ठेवण्याच्या टूलमध्ये) प्रत्येक टीमचा वेग छान दिसतो. म्हणूनच हा दोष आतून सापडत नाही. मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच लिहून ठेवलं आहे की संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशीच त्या संस्थेच्या सिस्टिमची रचना होते. फ्रंटएंड आणि बॅकएंड वेगळ्या टीममध्ये बसवले की त्यांच्यामधला एपीआय हा करारनामा होतो आणि करारनामा बदलायला मीटिंग लागते.

माणसं वाढवून हे सुटत नाही. 7 जणांत बोलण्याच्या जोड्या 21 होतात, 14 जणांत 91 आणि 28 जणांत 378. माणसं चौपट झाली की जोड्या अठरापट होतात. शिवाय आज ऑफर दिलेला माणूस नोटीस भरून तीन महिन्यांनी येतो, कधी दुसरी ऑफर घेऊन येतच नाही, आणि आला तरी तुमचा कोड कळायला त्याला पुढचे दोन-तीन महिने लागतात. तोवर त्याला शिकवणारा तुमचा जुना माणूस अर्धाच कामाला असतो. सध्याच्या उशिरावर भरती हा उपाय नाही. भरती पुढच्या सहामाहीसाठी करायची असते.

मोजणीत आम्ही काय करतो

साधारण दोन आठवडे लागतात. पहिली पायरी कंटाळवाणी आहे, पण तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते: तुमच्याकडे चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीची यादी. रेपॉझिटरी (कोडचे साठे), सर्व्हिस आणि डेटाबेस तुम्ही स्वतःच सांगता. रात्री आपोआप चालणारे क्रॉन जॉब, पेमेंट गेटवेचं खातं, डोमेन आणि एसएसएल सर्टिफिकेटची मुदत, एसएमएसची डीएलटी नोंदणी (पाठवणाऱ्याची नोंद आणि मजकुराची आगाऊ मंजुरी) हे सहसा कोणी सांगत नाही. प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने: शेवटचा बदल कोणी केला, रात्री बंद पडलं तर कोणाला उठवायचं आणि हे कोणाचं. तिसऱ्या रकान्यात "सगळ्यांचं" किंवा "बॅकएंड" लिहिलेलं चालत नाही.

हा रकाना रिकामा राहिला की काय होतं ते एसएमएसवरून बघा. कोणीतरी ओटीपीच्या मजकुरातला एक शब्द सुधारतो. कोड रिव्ह्यू होतो, टेस्ट पास होतात, लाइव्ह जातं. पण मजकूर आता डीएलटीवर मंजूर झालेल्या टेम्प्लेटशी जुळत नाही, म्हणून संदेश वाटेतच अडवला जातो. तुमच्या सर्व्हरला एसएमएस कंपनीकडून "स्वीकारलं" असंच उत्तर आलेलं असतं, त्यामुळे लॉगमध्ये एरर नसते. ग्राहकांना लॉगिन होत नाही, सपोर्टचे फोन वाजत राहतात आणि तीन टीम आपापला डॅशबोर्ड हिरवा असल्याचं सांगतात. शेवटी कळतं की डीएलटी पोर्टलचा लॉगिन कंपनी सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर आहे. यात बग नव्हता. त्या मजकुराचा मालक नव्हता.

दुसरी पायरी गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदींच्या, इतिहासाची. गेल्या सहा महिन्यांत कोणते फोल्डर एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल जोडण्याच्या विनंतीत) एकत्र बदलले ते आम्ही मोजतो. फॉरमॅटिंगचे कमिट (नोंदवलेले बदल), आपोआप बदलणाऱ्या लॉक फाइल आणि घाऊक नामांतरं आधी वगळावी लागतात, नाहीतर सगळंच सगळ्याशी जोडलेलं दिसतं. दोन फोल्डर वारंवार एकत्र बदलत असतील तर त्यांच्यामधून हद्द काढायची नाही, मग ती चार्टवर कितीही शोभून दिसो.

तिसरी पायरी थांबण्याच्या वेळेची. जिराच्या "इन प्रोग्रेस"वर आमचा फारसा भरवसा नाही, कारण तिकीट पुढे सरकवायचं लोक विसरतात. पहिला कमिट, पुल रिक्वेस्ट उघडली ती वेळ, पहिला रिव्ह्यू, मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये जाणं) आणि डिप्लॉय (लाइव्ह जाणं) या पाच क्षणांच्या नोंदी आम्ही 90 दिवसांच्या घेतो. कामाचे दिवस आणि वाट पाहण्याचे दिवस वेगळे झाले की कुठे चिमटा बसतोय ते आकड्यांतच दिसतं.

याखेरीज आठ-दहा जणांशी प्रत्येकी अर्धा तास बोलतो. त्यात सपोर्टमधलं एक आणि वर्षभरातच लागलेलं एक माणूस असावं, असा आमचा आग्रह असतो. "आमच्या सीटीओंशीच बोला, त्यांना सगळं माहिती आहे," असं अनेकदा सांगितलं जातं. त्यांना सिस्टिम कशी बांधली ते माहीत असतं; रोज ती कुठे अडते ते सपोर्टला जास्त माहीत असतं. कोणाला काढावं याबद्दल मात्र आम्ही काहीही सांगत नाही. तसा संशय आला की अर्ध्या तासात कोणी खरं बोलत नाही आणि मोजणी वाया जाते.

हद्दी आणि नावं

एका टीममध्ये 6 ते 8 जण आणि स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत एक पूर्ण काम: ऑर्डर, बिलिंग, रिपोर्ट असं काहीतरी. टेस्टिंग करणारा माणूस त्याच टीममध्ये, आणि लाइव्ह नेण्यासाठी दुसऱ्या टीमची परवानगी लागू नये. 25 जणांच्या तीन टीम होतात. पाच केल्या तर प्रत्येकीत पाचच जण उरतात. एक गणपतीला गावी गेला आणि एकाने पेपर टाकले की उरलेल्या तिघांवर दर तिसऱ्या आठवड्याला ऑन-कॉल (बिघाडासाठी रात्रीही हजर राहण्याची पाळी) येतो. हे फार दिवस टिकत नाही.

हद्द ठरली की ती कोडमध्येही उतरवावी लागते. गिटहबवर (कोड ठेवण्याच्या साइटवर) कोडओनर्स नावाची फाइल असते; कोणत्या फोल्डरचा रिव्ह्यू कोणत्या टीमकडे जायचा ते तिच्यात लिहायचं. तिच्यात जुळणारी सर्वांत खालची ओळ लागू होते, म्हणून सर्वसाधारण नियम वर आणि नेमके फोल्डर खाली लिहायचे. अनेकजण उलटं लिहितात आणि सगळे रिव्ह्यू एकाच टीमकडे जाऊन तुंबतात. माणसाचं नाव न घालता टीमचं हँडल घालावं, आणि त्या टीमला रेपॉझिटरीवर राइट (लिहिण्याची) परवानगी हवी. ती नसेल तर ओळ तशीच राहते, काम करत नाही. सामायिक डेटाबेस लगेच तोडू नका. आधी एवढंच ठरवा की प्रत्येक टेबलमध्ये लिहिणारी टीम एकच असेल.

लीड कोणाला करायचं, हे यानंतर. सर्वांत हुशार डेव्हलपरला लीड करून त्याच्याकडून पूर्वीइतक्याच कोडची अपेक्षा ठेवली जाते. आठ जणांशी दर आठवड्याला अर्धा तास म्हटलं तरी चार तास झाले. त्यावर इंटरव्ह्यू, प्लॅनिंग, अप्रेझलची कागदपत्रं. निम्मा आठवडा संपला. त्याच्या नावावरचं काम निम्मं केलं नाही, तर तो माणसांसाठी ठेवलेला वेळच आधी कापतो. ज्याला माणसं सांभाळायची नाहीत त्याला पगार न थांबवता तांत्रिक वाटेने वर जाता यायला हवं, एवढंच इथे म्हणतो.

आणखी एक. स्पॉटिफाय या संगीत कंपनीचं स्क्वॉड (छोट्या टीम) आणि ट्राइबचं (अशा टीमच्या गटांचं) चित्र आम्हाला दर काही दिवसांनी कोणीतरी पाठवतं. ते 2012 चं आहे, आणि तेव्हाच त्या कंपनीत तीन शहरांत तीसहून जास्त टीम होत्या. 22 जणांच्या कंपनीत तीन ट्राइब केल्या की मीटिंग तेवढ्या वाढतात.

"हे तर एक्सेलच आहे, याचे पैसे कसले?"

हा प्रश्न रास्त आहे. यादी तुम्ही स्वतः करू शकता. वर दिलेले रकाने आणि पायऱ्या वापरून जरूर करा. अडतं ते तिसऱ्या रकान्यावर. ज्याच्या टीमकडचं काम कमी होणार तोच यादी करत असेल तर हद्द त्याच्या बाजूला सरकते, आणि बाहेरच्या माणसाला त्यात हितसंबंध नसतो. आमची फी माणसांच्या संख्येवर नसून रेपॉझिटरी आणि सर्व्हिसच्या संख्येवर असते, त्यामुळे टीम वाढवा असं सुचवण्यात आमचा फायदा नाही. केलेली यादी आणि आकडे तुमच्याकडेच राहतात. सहा महिन्यांनी आम्ही एकदा परत येऊन त्याच पाच क्षणांचे आकडे पुन्हा काढतो; ते मूळ फीमध्येच आहे.

पहिला तासभराचा फोन विनामूल्य. त्याआधी तीन गोष्टी तयार ठेवा: रेपॉझिटरींची यादी, गेल्या तीन महिन्यांतले प्रॉडक्शनचे बिघाड आणि सध्या कोण कोणाला रिपोर्ट करतं याचा खरा, म्हणजे प्रत्यक्षातला, कागद. चार्ट आधीच जाहीर झाला असेल तर तेही सुरुवातीलाच सांगा. काम तरीही होतं, फक्त दोनाऐवजी चार ते पाच आठवडे धरावे लागतात, कारण निम्मा वेळ पदांच्या बोलण्यात जातो. नवी पदं एप्रिलच्या वेतनवाढीच्या पत्रांतूनच द्यायची असतील तर मोजणी जानेवारीत सुरू व्हायला हवी. मार्चमध्ये तुमचे सगळे मॅनेजर अप्रेझलमध्ये अडकलेले असतात, त्यामुळे त्या महिन्यात आम्ही नवं काम घेत नाही.