अ‍ॅक्युपंक्चरची ‘सरकारमान्यता’: सुईमागची पार्श्वभूमी

कंबर, गुडघा किंवा मायग्रेनने हैराण झालेला माणूस अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याचा चिनी उपचार, करून बघू का, असं विचारतो तेव्हा त्याला हमखास ऐकायला मिळतं की, ‘आता ते सरकारमान्य आहे.’ ते खरं आहे. पण ही मान्यता कुणाला आणि कशासाठी मिळाली हे माहीत नसेल, तर एवढ्या उत्तरावर विसंबून निर्णय घेऊ नये.

चीनमध्येही या सुईला कायम राजाश्रय होता, असं नाही. 1822 मध्ये बादशहाच्या हुकमाने ती राजदरबाराच्या वैद्यकसंस्थेतून बाहेर गेली. 1929 मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य समितीने जुनं वैद्यक बंद करण्याचाच ठराव केला होता. 1950 नंतर नव्या राजवटीला खेडोपाडी पुरतील एवढे डॉक्टर हवे होते, ते नव्हते. तेव्हा सुईला पुन्हा मानाचं पान मिळालं. बारीक स्टेनलेस स्टीलची सुई, ठरीव बिंदूंचे तक्ते, सुयांतून सौम्य वीजप्रवाह सोडणाऱ्या यंत्राची जोड हे आज दिसणारं रूप बरंचसं विसाव्या शतकातलं आहे.

भारताचा धागा 1938 चा. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यांतल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव आपल्याकडे शाळेपासून माहीत असतं आणि त्यांच्या नावाने पुढे अ‍ॅक्युपंक्चरचे दवाखानेही निघाले. स्वतः ते मात्र शल्यचिकित्सक होते, 1942 मध्ये तिकडेच वारले. सुई भारतात आणली ती पथकातल्या कोलकात्याच्या डॉक्टरांनी. ते नंतर पुन्हा चीनला जाऊन शिकले आणि 1959 च्या सुमारास कोलकात्यात उपचार करू लागले. स्वतंत्र कायदाही आधी पश्चिम बंगालनेच केला, 1996 मध्ये.

खरा गुंता सुरू झाला 25 नोव्हेंबर 2003 च्या केंद्राच्या आदेशाने. इलेक्ट्रोपॅथी, चुंबक, रेकी, रत्नं, स्वमूत्र अशा अनेक पद्धतींना मान्यता द्यायची का, हे ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिने यांतल्या एकालाही स्वतंत्र वैद्यकशास्त्र मानलं नाही, अ‍ॅक्युपंक्चरलाही नाही. पण अ‍ॅक्युपंक्चर आणि संमोहन या दोघांना एक सवलत दिली: उपचाराचं एक साधन म्हणून ते वापरता येतील, आणि वापरणारा नोंदणीकृत डॉक्टर असावा किंवा ‘योग्य प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती’. अमान्य पद्धतींचे पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रम चालवू नयेत आणि तिथल्या लोकांनी ‘डॉक्टर’ लावू नये, अशीही शिफारस होती.

‘योग्य प्रशिक्षण’ म्हणजे किती, कुणाकडून, कोणती परीक्षा? आदेशात उत्तर नव्हतं. ही पळवाट लहान नव्हती. वर्षानुवर्षं मन लावून शिकलेला उपचारक आणि चार रविवारी शिकून पाटी लावणारा, दोघंही याच एका ओळीचा आधार घेऊ शकत होते. सुई चुकीची लागली तर तक्रार कुणाकडे करायची, हेही रुग्णाला ठाऊक नव्हतं. त्या काळातलं मौन मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण त्याची किंमत मोजायची वेळ आली तर ती दुखण्याने गांजलेल्या माणसावरच येणार होती.

महाराष्ट्राचा 2015 चा कायदा या पार्श्वभूमीवर आला. परिषद, नोंदणी, शिक्षणसंस्थांवर देखरेख अशी चौकट त्याने घालून दिली. परिषद प्रत्यक्ष उभी राहायला आणखी काही वर्षं गेली. आधुनिक वैद्यकातल्या अनेकांचा आक्षेप होता की, पुराव्याआधी दर्जा दिला जातोय. उपचारकांचं म्हणणं होतं की, नियम नसतील तर भोंदूंना रान मोकळं राहील. मला दुसऱ्या बाजूचं म्हणणं अधिक पटतं. लोक सुया टोचून घेणारच आहेत, तेव्हा टोचणारा कोण हे कुठेतरी नोंदलेलं असलंच पाहिजे. फेब्रुवारी 2019 मध्ये केंद्रानेही आपली 2003 ची भूमिका बदलून अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हटलं. मात्र नोंदणी होते ती उपचारकाची. अमुक आजार सुईने बरा होतो, अशी हमी त्या प्रमाणपत्रात नसते.

ते तपासण्याचा मोठा प्रयत्न जर्मनीत झाला. जुन्या कंबरदुखीच्या 1,162 रुग्णांचे तीन गट केले. सहा महिन्यांनी शास्त्रोक्त सुयांच्या गटातल्या 47.6 टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटातल्या 27.4 टक्के लोकांना चांगला फरक पडला होता. तिसऱ्या गटाला बिंदू सोडून भलतीकडे, वरवर सुया लावल्या होत्या. तिथे आकडा 44.2. म्हणजे सुयांनी आराम पडला, पण नेमक्या बिंदूचं महत्त्व सिद्ध झालं नाही. तरीही तिथल्या सार्वजनिक आरोग्यविम्याने कंबर आणि गुडघ्याच्या जुन्या दुखण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चरचा खर्च स्वीकारला, डोकेदुखीसाठी नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी 2009 मध्ये कंबरदुखीसाठी होकार दिला आणि 2016 मध्ये तो मागे घेतला.

हे दुखण्यापुरतं झालं. मधुमेह, वंध्यत्व, पक्षाघात अशी लांबलचक यादी दारावर रंगवलेली असेल तर तिला या पुराव्याचा आधार नाही, आणि चालू गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडून उठून यावं. साधारण पाव मिलिमीटर जाडीची सुई आपल्यासमोर बंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि वापरून झाल्यावर सुयांच्या डब्यात गेली पाहिजे. टोचल्यावर जडपणा किंवा झिणझिण्या येतात, थोडं रक्त येतं, क्वचित भोवळही येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदर असाल तर आधी सांगावं. पेसमेकर असेल तर विजेचं यंत्र लावू देऊ नये. छातीवर किंवा खांद्याच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. हे फार विरळा घडतं, पण तिथे टोचून घेतल्यावर धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता थेट रुग्णालय गाठावं.