अवघड गणित आधी

शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बसणाऱ्या दहा-बारा मुलांना जी गणितं मिळतात, ती वर्गातल्या बाकीच्या चाळीस जणांना सहसा दिसतही नाहीत. त्यांच्या वाट्याला उदाहरणसंग्रह, तोही ओळीने. 'यांना झेपणार नाही' हे आधीच ठरलेलं असतं.

अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठाचे जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये या 'आधीच ठरण्या'वर बोट ठेवलं. सरासरीहून वरची क्षमता, कामाला चिकटून राहणं आणि सर्जनशीलता यांचा मेळ म्हणजे प्रज्ञा, असं त्यांनी मांडलं. यातली चिकाटी बुद्ध्यांकाच्या चाचणीत कुठून दिसणार? ती काम हातात पडल्यावरच दिसते. म्हणून त्यांच्या आराखड्यात नव्या विषयांची ओळख आणि विचार करण्याची, माहिती शोधण्याची कौशल्यं सगळ्या वर्गाला मिळतात; ज्याला एखाद्या विषयाची ओढ लागेल, तो पुढे स्वतंत्र प्रकल्पाकडे वळतो. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारखी, १९६२ पासून प्रज्ञावान मुलांसाठी काम करणारी संस्था प्रत्येक तालुक्यात निघणार नाही. पण प्रज्ञावान मुलांसाठीच्या पद्धतींपैकी बऱ्याच जिल्हा परिषदेच्या साध्या वर्गातही, सगळ्या मुलांसाठी चालतात.

पाचवीची परिमिती घ्या. पुस्तकी प्रश्न असा: लांबी ८ सेमी, रुंदी ४ सेमी, परिमिती काढा. उत्तर २४, विषय संपला. आता तोच प्रश्न उलटा करा: परिमिती २४ असलेले किती आयत बनतील? एका बाकावरच्या दोघांना खराट्याच्या सारख्या कापलेल्या २४ काड्या द्या. काडी मोडायची नाही आणि एकही उरता कामा नये. मुलं हटकून एक चूक करतात: लांबी अधिक रुंदी म्हणजेच २४, असं धरून २० आणि ४ घेतात. इथे शिक्षकाने तोंड उघडायची गरज पडत नाही, दुसऱ्या लांब बाजूला काड्याच पुरत नाहीत. ज्याने नुसत्या काड्या मांडल्या त्यालाही एक तरी आयत सापडतो. पुढचा गट ११×१ पासून ६×६ पर्यंत सहाही शोधतो, आणि चौरसाला आयत म्हणायचं का, यावर वाद पेटतो. तो लगेच मिटवू नका. मग क्षेत्रफळं मांडायला सांगा: ११, २०, २७, ३२, ३५, ३६. यांच्यातले फरक ९, ७, ५, ३, १ आहेत, हे कुणाच्या तरी नजरेला पडतंच. त्याच्यासाठी पुढचा प्रश्न तयार हवा: २४ मीटर जाळी आहे, एका बाजूला घराची भिंत, शेळ्यांसाठी सर्वांत मोठी आयताकृती जागा कशी घ्याल? इथे चौरस हरतो. भिंतीला समांतर १२ आणि दोन्ही बाजूंना ६-६ घेतले की ७२ चौरस मीटर मिळतात.

प्रश्न विचारल्यावर थांबणं हे यातलं सर्वांत अवघड काम. मेरी बड रो या संशोधिकेला आढळलं, की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मनात तीन अंक मोजा. फार लांब वाटतात, पण मोजा.

दुसरी युक्ती शिक्षक-प्रशिक्षक सुझन विनेब्रेनर यांची. गृहपाठाच्या वीस गणितांतली सर्वांत अवघड पाच फळ्यावर वेगळी लिहायची. हवं त्याने ती आधी सोडवावीत. पाचपैकी चार बरोबर आली तर उरलेली पंधरा माफ. संधी सगळ्यांना, सक्ती कुणालाच नाही. ज्याला जमलं नाही तो मुकाट नेहमीच्या क्रमाने जातो, त्यात कमीपणा नाही. वेळ पंधरा मिनिटं पुरे. येतंच ते वगळल्याने नुकसान होतं का? संशोधिका सॅली रीस आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात, निवडक मुलांचा सुमारे ४० ते ५० टक्के अभ्यासक्रम गाळूनही त्यांचे गुण घटले नाहीत.

ही युक्ती फसते ती बहुधा सुटलेल्या वेळेत. लवकर संपवणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी वीस तसलीच गणितं दिली, तर पुढच्या आठवड्यात तो मुद्दाम रेंगाळतो, आणि त्याचं बरोबरच आहे. दर वेळी त्यालाच शेजाऱ्याला शिकवायला बसवणं हीसुद्धा फुकटची राबणूक. त्या वेळेत भिंतीच्या गणितासारखं काहीतरी हातात हवं.

कोणत्या धड्यात उरलेल्या पंधरा गणितांतून कोण सुटलं, याची नोंद वहीच्या मागच्या पानावर ठेवा. तीन-चार धडे झाले की नावं ताडून पाहा. अपूर्णांकात अडलेला मुलगा भूमितीत सुटलेला दिसला, तर कायमचे 'हुशार' आणि 'मागे पडलेले' गट करण्यात अर्थ नाही. गट धड्यापुरते असू द्या. आणि दर वेळी तीच आठ नावं येत असतील, तर मुलांना दोष देण्याआधी निवडलेली पाच गणितं तपासा. ३४७ × २६८ हे गणित लांबलचक आहे, अवघड नाही. २/३ आणि ३/४ यांच्या मधला एखादा अपूर्णांक शोधा, हे अवघड. आणि त्याला १७/२४ बरोबर, ५/७ सुद्धा बरोबर.