तारण, निवड आणि सुवार्ताप्रसार: कॅल्व्हिनवादी व आर्मिनियन प्रेरणांतील फरक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी करणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री आणि पुढे बीदरच्या बाजूने खेड्यापाड्यांत काम करणारे मेथडिस्ट उपदेशक यांच्यात निजामाच्या राज्यातील सामान्य श्रोत्याला फारसा फरक जाणवण्याचे कारण नव्हते. दोघेही ख्रिस्ताची सुवार्ता सांगत, पश्चात्तापाचे आवाहन करत आणि विश्वास धरणाऱ्याला बाप्तिस्मा देत. मात्र हे सारे कशासाठी करायचे, याची दोन परंपरांनी दिलेली उत्तरे वेगळी आहेत. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक होते, आणि ते चर्च वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा मानणारे, म्हणजे सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांच्या परंपरेतले, कॅल्व्हिनवादी होते. मेथडिस्टांची धारणा त्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्याकडून आलेली, म्हणजे आर्मिनियन.

वाद निवडीच्या, म्हणजे पापापासून सुटका (तारण) कोणाला द्यायची हे देवाने ठरवण्याच्या, आधाराबद्दल आहे. ज्यांच्यावरून ‘आर्मिनियन’ हे नाव पडले ते डच धर्मपंडित याकोबस आर्मिनियस 1609 मध्ये वारल्यावर त्यांच्या अनुयायांनी 1610 मध्ये नेदरलँड्समध्ये पाच कलमे मांडली. देवाने कोणाला निवडले, तर जे विश्वास धरतील हे त्याला आधीच ठाऊक होते त्यांना, आणि ख्रिस्त सर्वांसाठी मेला, असा त्यांचा रोख होता. तिथल्याच डॉर्ट येथील धर्मसभेने 1618–19 मध्ये ही मते फेटाळली व निवड निव्वळ कृपेने होते, माणसात आधी दिसलेल्या विश्वासावरून नव्हे, असे ठरवले. येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. ‘आर्मिनियन मताप्रमाणे माणूस स्वतःच्या बळावर तरतो’ ही टीका वेस्लींना लागू पडत नाही, कारण पापी माणसाला होकार देण्याची शक्तीसुद्धा देवाची कृपाच आधी येऊन देते, असे ते शिकवत. फक्त ती कृपा नाकारता येते.

या ‘नाकारता येते’मध्येच आर्मिनियन सुवार्तिकाची तळमळ आहे. समोरचा माणूस खरोखर तरू शकतो आणि खरोखर गमावलाही जाऊ शकतो. म्हणून आजच सांगितले पाहिजे, विनवले पाहिजे. या भूमिकेत निकड आहे तसा भारही आहे: कोणी ऐकले नाही, तर मी कमी पडलो का, हा प्रश्न उपदेशकाच्या मनात सहज घर करतो.

कॅल्व्हिनवाद्याबद्दल प्रश्न उलटा विचारला जातो. निवड झालेलीच असेल, तर सांगायचे कशाला? मराठवाड्यातल्या वाचकाला तर हे ‘नशिबात असेल ते होईल’ यासारखेच वाटण्याचा संभव आहे. परंतु दैववादात शेवट ठरलेला असतो आणि वाटेला महत्त्व नसते, तर कॅल्व्हिनवादात देवाने शेवटाबरोबर वाटही ठरवलेली असते, आणि ती वाट म्हणजे उपदेश. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात निवडीविषयी कठोर विधाने करणारा प्रेषित पौल दहाव्या अध्यायात विचारतो की घोषणा करणाऱ्यावाचून लोक ऐकतील कसे. करिंथ शहरात भिऊ नकोस, बोलत राहा, असे प्रभू त्याला सांगतो तेव्हा कारण देतो की या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. अजून विश्वासात न आलेल्यांनाच प्रभू ‘माझे लोक’ म्हणतो, आणि त्यामुळे पौल थांबत नाही, तर टिकून राहतो. माझ्या मते कॅल्व्हिनवादी प्रेरणेचा गाभा या एका प्रसंगात जितका स्पष्ट दिसतो तितका कोणत्याही विश्वासनाम्यात दिसत नाही. निवडलेले कोण हे उपदेशकाला कळत नसल्याने त्याला सर्वांनाच बोलवावे लागते. फळ त्याच्या हाती नसल्याने अपयशाने खचायचे कारण उरत नाही. आणि कामाचा अंतिम हेतू देवाचे गौरव हा राहतो.

हे खरे असले तरी टीका हवेतून आलेली नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधील काही बॅप्टिस्ट (फक्त स्वतः विश्वास धरणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणाऱ्या) मंडळ्यांत, ज्याच्यात कृपेची चिन्हे दिसत नाहीत त्याला ख्रिस्ताकडे येण्याचे आवाहन करू नये, अशी अतिरेकी भूमिका रुजली होती. तिला अति-कॅल्व्हिनवाद म्हणतात, आणि लोक खऱ्या कॅल्व्हिनवादाची गल्लत करतात ती बहुधा हिच्याशी. तिला उत्तर दिले ते आर्मिनियन लोकांनीच नव्हे, तर अँड्र्यू फुलर या कॅल्व्हिनवादी बॅप्टिस्टाने, 1785 मध्ये. त्याच वर्तुळातील विल्यम कॅरी 1793 मध्ये बंगालला आले आणि मराठीचे व्याकरण व कोश तयार करून गेले. निवडीवरील विश्वास त्यांच्या आड आला नाही.

प्रत्यक्ष कामात फरक दिसतो तो मुख्यतः निर्णयाच्या वेळी आणि त्यानंतर. सभेच्या शेवटी पुढे येण्याचे आवाहन, हात वर करणे, तिथल्या तिथे निर्णय घ्यायला लावणे, यांना उत्तेजन मिळाले ते चार्ल्स फिनी यांच्यासारख्या उज्जीवन-उपदेशकांकडून, म्हणजे मोठ्या सभांतून धर्मजागृती घडवणाऱ्यांकडून, आणि जुने कॅल्व्हिनवादी पाळक त्यांच्याकडे संशयाने पाहत. एका रात्रीच्या भावनेला ते पुनर्जन्म, म्हणजे देवाच्या आत्म्याने याच आयुष्यात मिळणारे नवे जीवन, मानायला तयार नव्हते. उलट, विश्वासात आलेला माणूस कृपेपासून ढळू शकतो असे वेस्ली मानत, आणि त्यांच्या मंडळ्यांतील सुमारे बारा जणांच्या लहान वर्गांत दर आठवड्याला प्रत्येकाच्या आत्म्याची विचारपूस होई. म्हणजे आर्मिनियन सुवार्ताप्रसार बाप्तिस्म्यापाशी संपत नाही. कॅल्व्हिनवादी पाळकही नव्या विश्वासकाला शिकवतो, बजावतो, शिस्तही लावतो. पण देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत राखतो या भरवशावर, त्याला गमावण्याच्या भीतीने नव्हे.