खंजिरी भजन (विदर्भ)

विदर्भाच्या ग्रामीण भागात, विशेषतः अमरावती, वर्धा, यवतमाळ, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांत रूढ असलेला समूहगायनाचा प्रकार. मुख्य गायक स्वतःच खंजिरीवर ठेका धरून भजन म्हणतो आणि साथीला बसलेली मंडळी त्याची ओळ उचलून धरतात. वऱ्हाडात बोलताना या वाद्याला सहसा ‘खंजेरी’ म्हणतात. आज हा प्रकार ज्या रूपात ऐकू येतो ते रूप त्याला तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनी दिले. संत आणि समाजसुधारक म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले असले, तरी ते आधी गाणारे होते आणि गाण्यासाठी रचणारे कवी होते, ही बाब बहुतेक चरित्रांत एखाद्या वाक्यात उरकली जाते.

खंजिरी म्हणजे साधारण वीतभर व्यासाचे लाकडी कडे. त्याच्या एका तोंडावर कातडे ताणून बसवलेले असते आणि कडेला पाडलेल्या खाचांत पितळी चकत्या सैल अडकवलेल्या असतात. खंडोबाच्या वाघ्याची दिमडी दिसायला जवळची असली, तरी ही छमछम तिच्यात नसते. डाव्या हाताने कडे पेलायचे, उजव्या हाताच्या बोटांनी थाप द्यायची आणि डावे मनगट हलवून चकत्या वाजवायच्या. म्हणजे ढोलकी आणि झांज ही दोन्ही कामे एकच माणूस करतो आणि त्याचा गळा मोकळा राहतो. पावसाळ्यात कातडे सर्द होऊन आवाज बसतो, म्हणून भजनाला बसण्यापूर्वी खंजिरी विस्तवाजवळ धरून शेकून घेत असत. जास्त शेकली तर कातडे तडकते, त्यामुळे हे काम पोराबाळांच्या हाती देत नसत. पूर्वी घोरपडीच्या कातड्याला मान होता. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) घोरपडीला अभय दिले आणि आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचा पडदा असतो. त्याला शेकावे लागत नाही, पण त्याच्या आवाजात कातड्याचा घुमारा नाही, अशी जुन्या वादकांची तक्रार असते व ती खरी आहे.

तुकडोजींचा जन्म अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपुढे गेले नाही. लहानपणी भजने म्हणून मिळालेल्या भिक्षेच्या तुकड्यांवर दिवस काढले, याची आठवण ठेवणारे ‘तुकड्या’ हे नाव त्यांना वरखेडचे गुरू आडकोजी महाराज यांनी दिले. ‘तुकड्यादास’ हीच पुढे त्यांच्या कवितेची मुद्रा झाली. भजनाच्या शेवटच्या कडव्यात ती येते आणि ती आली की आता भजन संपणार, हे श्रोत्यांना न सांगता कळते. रामटेक, सालबर्डी, रामदिघी या परिसरांतील रानावनांत काही वर्षे काढल्यावर ते गावोगाव भजने करीत फिरू लागले. १९३५ साली अमरावती–नागपूर रस्त्यावरील मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९३६ साली महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सुमारे महिनाभर सेवाग्रामला राहिले होते.

त्यांची रचना कानासाठी केलेली आहे. छापील पानावर ती कधीकधी फार साधी, क्वचित सपाटही वाटते. परंतु ध्रुपद इतके सुटसुटीत असते की पहिल्यांदा ऐकणारा माणूस दुसऱ्या आवर्तनात साथ देऊ लागतो, आणि निरक्षर श्रोत्यांपुढे उभ्या राहणाऱ्या कवीला हेच साधायचे होते. मराठीबरोबर त्यांनी हिंदीतही विपुल भजने लिहिली. नागपूर त्या काळी मध्य प्रांताची राजधानी होती आणि इथल्या बाजारात हिंदी परकी नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या दुभाषी रचनेचे नवल वाटत नाही. विषयांचा पल्लाही मोठा आहे: झोपडीतले निर्धास्त सुख, मनात भाव नसताना देवापुढे हात जोडणाऱ्याची थट्टा, व्यसन, अस्पृश्यता, गावाची सफाई.

या गाण्याची धार १९४२ मध्ये दिसली. झाडे आणि दगडसुद्धा शस्त्रे होतील, असे सांगणारे त्यांचे हिंदी भजन चिमूर भागात लोकांच्या तोंडी होते. १६ ऑगस्टला चिमूरला उठाव झाला आणि त्याच महिन्यात तुकडोजींना चंद्रपूर येथे अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवून डिसेंबरमध्ये त्यांना सोडण्यात आले. खंजिरीवर म्हटलेल्या चार ओळींची सरकारने इतकी धास्ती घ्यावी, यातच त्या प्रकाराचा पोच किती होता ते कळते.

सुटकेनंतर त्यांचा भर श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या बांधणीवर राहिला. भगवी टोपी घातलेले सेवक, ‘जय गुरु’ हा नमस्कार आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना ही विदर्भातील शेकडो खेड्यांची ओळख याच काळातली. १९५५ साली ते जपानमधील जागतिक परिषदेला गेले ते खंजिरी घेऊनच. ‘ग्रामगीता’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ ४१ अध्याय व ४,६७५ ओव्यांचा असून तोही एकट्याने मनात वाचण्यापेक्षा पारावर मोठ्याने वाचला जातो.

त्यांच्यानंतर या प्रकाराला नवे वळण अकोला जिल्ह्यातील सिरसोलीचे सत्यपाल महाराज यांनी दिले. ते एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवतात. मात्र त्यांच्या कार्यक्रमात गाण्याहून बोलणे आणि विनोद अधिक असल्याने त्याला भजन म्हणण्यापेक्षा कीर्तनाच्या, गाडगेबाबांच्या परंपरेत ठेवणे अधिक योग्य. गावोगावच्या मंडळांत आता पेटी, तबला आणि क्वचित कीबोर्ड आला आहे. महिलांची स्वतंत्र मंडळे आहेत आणि सुगी आटोपल्यावर होणाऱ्या खंजिरी भजन स्पर्धांत ती पुरुषांच्या बरोबरीने उतरतात.

तुकडोजींचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, आश्विन वद्य पंचमीला, मोझरी येथे झाले. दरवर्षी त्या तिथीला गुरुकुंजात विदर्भभरातून पालख्या आणि भजनी मंडळे येतात. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, निधनाच्या वेळेला, मौन पाळले जाते. तोवर वाजत असलेल्या खंजिऱ्या तेवढा वेळ मांडीवर पालथ्या घातलेल्या असतात.