कॉन्फरन्स-बदल (अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा)

कॉन्फरन्स-बदल : अमेरिकेतील विद्यापीठाने आपला क्रीडागट सोडून दुसऱ्या गटात जाणे. कॉन्फरन्स म्हणजे काही विद्यापीठांनी आपसांत करार करून बांधलेला गट. गटातले संघ दरवर्षी एकमेकांशी खेळतात, गटाचा स्वतःचा विजेता ठरतो आणि सामन्यांच्या प्रक्षेपण हक्कांचे पैसे गटाकडे येऊन सदस्यांत वाटले जातात. खेळांचे नियम आणि बहुतेक राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९०६ साली स्थापन झालेली एनसीएए ही संस्था पाहते. पण कोणत्या विद्यापीठाने कोणत्या गटात राहायचे, हे ती ठरवत नाही. तो त्या विद्यापीठाचा आणि गटाचा आपसांतला व्यवहार.

भारतात हा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ भरवतो आणि विभाग भूगोलावरून पडतात. मुंबई आणि पुण्याची विद्यापीठे पश्चिम विभागात खेळतात ती तिथे आहेत म्हणून. अमेरिकेतही सुरुवात अशीच होती. १८९६ साली शिकागोत आकाराला आलेला ‘बिग टेन’ हा गट रेल्वेने गाठता येतील अशा मध्य-पश्चिमेतल्या विद्यापीठांचा होता. शेजारच्या राज्याशी दरवर्षी होणारा सामना हाच गटाचा जीव.

त्या काळात गट सोडला तो पैशासाठी नव्हे, तर फुटबॉल नको म्हणून, असेही उदाहरण सापडते. (इथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा अमेरिकी फुटबॉल.) शिकागो विद्यापीठ बिग टेनचे संस्थापक सदस्य. तरीही अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकिर्दीत त्याने १९३९ मध्ये फुटबॉल बंद केला आणि १९४६ मध्ये गटही सोडला. त्याच विद्यापीठाच्या ओस पडलेल्या स्टॅग फील्ड मैदानाच्या प्रेक्षागॅलरीखाली २ डिसेंबर १९४२ रोजी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली गेली. एखादे मोठे विद्यापीठ खेळाच्या बाजाराबाहेर राहून मोठे राहू शकते, याचा हा पुरावा मला आजही महत्त्वाचा वाटतो.

चित्र पालटले ते १९८४ साली. तोवर महाविद्यालयीन फुटबॉलचे दूरचित्रवाणी हक्क एनसीएएच्या हातात होते आणि कोणता संघ किती वेळा पडद्यावर दिसेल यावर तिचे बंधन होते. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी याविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मताने ही व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरवली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः एकेकाळचे नामवंत फुटबॉलपटू होते. निकालानंतर हक्क विकण्याची मोकळीक विद्यापीठांना आणि त्यांच्या गटांना मिळाली, आणि ज्या गटात जास्त प्रेक्षक खेचणारी नावे, त्या गटाचा करार मोठा, हे गणित रूढ झाले. १९९२ मध्ये आग्नेय विभागाच्या एसईसी गटाने बारा सदस्य करून गटाचा अंतिम सामना सुरू केला; त्या एका सामन्याची कमाई पाहून इतरांनीही विस्ताराचा मार्ग धरला. टेक्सासभोवतीचा १९१४ पासूनचा साउथवेस्ट गट १९९६ मध्ये मोडला. २०२२ साली बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या दूरचित्रवाणी कंपन्यांशी केलेला सात वर्षांचा करार ७०० कोटी डॉलरच्या वर गेला.

या ओघात सर्वांत मोठी पडझड झाली ती पॅसिफिक किनाऱ्यावर. १९१५ साली पोर्टलंडमध्ये चार विद्यापीठांनी सुरू केलेल्या परंपरेतला ‘पॅक-१२’ हा गट सर्व खेळ मिळून ५००हून अधिक राष्ट्रीय विजेतेपदांचा धनी होता. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसमधल्या यूएससी आणि यूसीएलए या दोन विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. देशातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर हातून गेल्यावर उरलेल्या दहांचा प्रक्षेपण करार वर्षभर रखडला. जुलै २०२३च्या अखेरीस कोलोरॅडो निघाले. ४ ऑगस्टला ओरेगॉन आणि वॉशिंग्टन यांनी प्रक्षेपणाच्या पैशातल्या कमी वाट्यावर बिग टेन पत्करला, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनी त्याच दिवशी ‘बिग १२’ची वाट धरली. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली चक्क ‘अटलांटिक कोस्ट’ गटात गेली. प्रशांत महासागराकाठची विद्यापीठे अटलांटिकच्या नावाच्या गटात!

मागे राहिली दोन: ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही कोर्वालिस आणि पुलमन या लहान गावांतली. खेळात कमी पडली म्हणून नव्हे, तर आसपास दूरचित्रवाणीचा मोठा प्रेक्षकवर्ग नाही म्हणून ती कुणाला नको होती. दोघांनी वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन काउंटीच्या न्यायालयात धाव घेतली. जाणारे दहा सदस्य गटाच्या संचालक मंडळावर बसून मालमत्तेचे निर्णय घेऊ शकत नाहीत, असा त्यांचा दावा होता, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तो अंतरिम आदेशात मान्य केला. २०२४ च्या हंगामात पॅक-१२ फुटबॉलमध्ये दोनच संघ होते. त्यांना सामने मिळवण्यासाठी शेजारच्या ‘माउंटन वेस्ट’ गटाशी करार करावा लागला आणि इतर बरेचसे खेळ ‘वेस्ट कोस्ट’ गटात खेळावे लागले.

गट सोडणे फुकट होत नाही. बहुतेक गटांच्या नियमांत निर्गमन शुल्क असते. शिवाय सदस्याने घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क कराराच्या मुदतीपुरते गटाला लिहून दिलेले असतात, त्यामुळे विद्यापीठ गेले तरी हक्क मागेच राहतात. मेरिलंड विद्यापीठाने अटलांटिक कोस्ट गट सोडला तेव्हा शुल्क सुमारे ५ कोटी २२ लाख डॉलर ठरले होते. न्यायालयीन भांडणानंतर तडजोड ३ कोटी १४ लाखांवर झाली. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी २०२४ मध्ये, ठरल्यापेक्षा एक वर्ष आधी एसईसीत जाण्यासाठी बिग १२ ला मिळून १० कोटी डॉलर मोजले. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने तर अटलांटिक कोस्ट गटात प्रवेश मिळावा म्हणून प्रक्षेपणाचा वाटा नऊ वर्षे घेणार नाही असे मान्य केले.

तरीही विद्यापीठे जातात, आणि त्यांची कारणे पोकळ नसतात. नौकानयन, जलतरण, कुस्ती, ॲथलेटिक्स यांना प्रेक्षकांकडून फारसे उत्पन्न नसते. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या कमाईवर ते चालतात. मेरिलंडने २०१२ मध्ये तुटीपायी सात संघ बंद केले आणि त्याच वर्षी बिग टेनची वाट धरली. यूसीएलएच्या क्रीडाविभागाची साचलेली तूट १० कोटी डॉलरवर गेली होती. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठासाठी त्याची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. हा पैसा कुठून आणायचा, हा खरा पेच आहे.

पण निर्णय ज्या खेळासाठी होतो, त्यालाच त्याची झळ सर्वांत कमी लागते, हे बोलले जात नाही. फुटबॉल संघ हंगामात साधारण बारा सामने खेळतो, आठवड्याला एक, तोही बहुधा शनिवारी. त्यातले निम्मे घरच्या मैदानावर. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर यांचे सामने कितीतरी जास्त, पुष्कळदा कामाच्या दिवशी. लॉस एंजेलिसहून बिग टेनमधल्याच, न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात जायचे तर अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रवासाचा अंदाज येतो. बुडालेले तास त्या मुलींच्या आणि मुलांच्या शिक्षणातून जातात, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे व्यावसायिक खेळाडू व्हायचे नसते.

सार्वजनिक विद्यापीठाच्या बाबतीत आणखी एक हितसंबंध असतो. यूसीएलए आणि बर्कली एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाची अंगे. एकाच्या जाण्याने दुसऱ्याचे नुकसान झाले, म्हणून नियामक मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी देताना भरपाईची अट घातली आणि २०२४ मध्ये ती वर्षाला १ कोटी डॉलर ठरवली. हा निर्णय मला न्याय्य वाटतो, पण तो अपवाद आहे. शेजाऱ्याचे नुकसान बहुतेक ठिकाणी हिशेबातच धरले जात नाही. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांच्यातला दरवर्षीचा फुटबॉल सामना २०२३ नंतर थांबला. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा २०११ नंतर खंडित झालेला सामना २०२४ मध्ये पुन्हा झाला, तोही दोघे एसईसीत एकत्र आल्यामुळेच.

सगळे खेळ एकाच गाडीला जुंपले पाहिजेत असे मात्र नाही. नोत्र दाम विद्यापीठ फुटबॉलमध्ये कोणत्याच गटात नाही. त्याचे बहुतेक इतर खेळ अटलांटिक कोस्ट गटात आहेत. कनेटिकट विद्यापीठाने तर मोठ्या फुटबॉलचा मोह सोडून उलटी वाट धरली. जुना ‘बिग ईस्ट’ फुटल्यावर ते ‘अमेरिकन’ गटात अडकले होते. तिथे महिला बास्केटबॉल संघाने सात वर्षांत गटातला एकही सामना गमावला नाही, इतकी स्पर्धा विषम होती. २०२० मध्ये १ कोटी ७० लाख डॉलर भरून विद्यापीठ ईशान्येतल्या बास्केटबॉलप्रधान बिग ईस्टमध्ये परतले आणि फुटबॉल संघ गटाविना ठेवला. २०२३ आणि २०२४ मध्ये त्याच्या पुरुष संघाने, २०२५ मध्ये महिला संघाने राष्ट्रीय बास्केटबॉल विजेतेपद जिंकले.

ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांनी पॅक-१२चे नाव जपले आहे. बॉयसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट, टेक्सास स्टेट आणि फुटबॉल न खेळणारे गोंझागा यांना घेऊन जुलै २०२६ पासून गट नव्याने उभा करण्याचे ठरले. त्यासाठी त्यांनीही माउंटन वेस्टचे पाच सदस्य ओढून घेतले.