देवीची सुई आणि युरोपचा ज्ञानोदय

सप्टेंबरात उन्हाळ्याची काहिली उतरली की तुर्कस्तानातल्या एडिर्ने शहरात काही म्हाताऱ्या बायकांना बोलावणी यायची. ओळखीपाळखीची कुटुंबे एकमेकांना विचारायची, यंदा तुमच्याकडे कोणाच्या देवी काढायच्या आहेत का? मग पंधरा-सोळा जण एका घरी जमायचे. म्हातारी यायची ती हातात एक टरफल घेऊन. चांगल्या, सौम्य देवी आलेल्या रोग्याच्या फोडांतली लस त्यात भरलेली असे. कुठली शीर उघडू, असे ती विचारी, मोठ्या सुईने तिथे ओरखडा काढी, सुईच्या टोकावर मावेल तेवढी लस आत सोडी आणि वर पोकळ टरफलाचा तुकडा ठेवून बांधून टाकी. असे चार-पाच ठिकाणी. आठव्या दिवशी ताप भरे, दोन-तीन दिवस अंथरुणात जात, चेहऱ्यावर वीस-तीस फोड उठत आणि खूण न ठेवता सुकून जात. पुन्हा त्या माणसाला जन्मात देवीची भीती नसे.

हे वर्णन लेडी मेरी वर्टली मॉंटेग्यूने १ एप्रिल १७१७ रोजी मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रातले आहे. ती इंग्रज राजदूताची बायको. तिचा तरुण भाऊ १७१३ मध्ये देवीने गेला होता, आणि दोन वर्षांनी तिलाच देवी आल्या तेव्हा चेहरा व्रणांनी भरला, पापण्यांचे केस कायमचे गेले. त्यामुळे तुर्की बायकांचे हे काम ती केवळ कुतूहलाने पाहत नव्हती. मार्च १७१८ मध्ये इस्तंबूलजवळच्या पेरा इथे तिने आपल्या लहानग्या मुलाला हीच टोचणी करवून घेतली.

आपल्याकडे या विद्येचे नवल वाटायचे कारण नाही. बंगालात टिकेदार हेच करत होते. मराठीतला ‘लस’ हा शब्दही जखमेतून, फोडातून झिरपणाऱ्या पातळ द्रवाचाच आहे. औषधाच्या बाटलीवर तो पुढे जाऊन बसला. श्वासावाटे आलेली देवी माणसाला लोळवत असे. कातडीतून थोडीशी शिरलेली बहुधा सौम्य येई, शरीराला प्रतिकार उभा करायला उसंत मिळे. मात्र ही आजच्यासारखी लस नव्हती. टोचलेल्याला खरीखुरी देवीच येत असे. क्वचित तो मरे, आणि आजारी असेपर्यंत दुसऱ्यालाही देवी देऊ शके. पुढचा सगळा वाद या दोन गोष्टींनी पेटवला.

ज्ञानोदय, म्हणजे अठराव्या शतकातली युरोपची बुद्धिवादी चळवळ, म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पॅरिसच्या बैठका येतात. धर्मसत्तेवर तुटून पडणारे व्हॉल्तेअर आणि दिदरो, जाडजूड विश्वकोश, आणि शेवटी १७८९ची फ्रेंच राज्यक्रांती. हे सगळे खरेच आहे. पण ‘आपली बुद्धी वापरा’ हे त्या शतकाचे सांगणे सामान्य घराच्या उंबरठ्याआत शिरले ते या सुईच्या रूपाने, असे मला वाटते. सहिष्णुतेवर चर्चा करायला धैर्य लागते, कबूल. पण धडधाकट, खेळत्या पोराला आपण होऊन आजार द्यायचा, तोही कागदावरचे आकडे पाहून, याला लागणारे धैर्य निराळ्या जातीचे आहे.

१७२१ च्या वसंतात लंडनमध्ये साथ आली, तेव्हा मेरीने आपल्या मुलीला टोचून घेतले, दरबारच्या डॉक्टरांच्या देखत. राजघराण्याला रस वाटू लागला, पण राजकन्यांवर प्रयोग कोण करणार? मग ऑगस्टमध्ये न्यूगेटच्या तुरुंगातले सहा कैदी निवडले गेले, तीन पुरुष आणि तीन बायका. वाचलात तर सुटका, असा सौदा. सहाही वाचले. त्यांतल्या एलिझाबेथ हॅरिसनला नंतर देवीच्या रोग्यांची शुश्रूषा करायला धाडले गेले, तिला पुन्हा देवी येतात का हे बघायला. आल्या नाहीत. त्यानंतर अनाथ मुलांवर टोचणी झाली आणि एप्रिल १७२२ मध्ये दोन राजकन्यांवर. बुद्धीचे युग म्हणवणाऱ्या काळाने धोका आधी कोणाच्या अंगावर टाकला, हे या क्रमातून स्पष्ट दिसते. ती मुले आणि ते कैदी यांची आठवण ठेवल्याशिवाय ही कथा सांगू नये.

विरोधही लगेच उभा राहिला. जुलै १७२२ मध्ये एडमंड मॅसी नावाच्या पाद्र्याने लंडनच्या चर्चमधून प्रवचन दिले: रोग ही देवाने पाठवलेली परीक्षा किंवा शिक्षा, ती माणसाने आपल्या हातात घेणे हे पाप. बायबलमधल्या जॉबच्या अंगावर उठलेले फोड सैतानाने असेच टोचून आणले असावेत, इथपर्यंत तो गेला. त्याला उत्तर मिळाले ते प्रवचनातून नव्हे. रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचा सचिव जेम्स जुरिन याने ठिकठिकाणच्या डॉक्टरांकडून टोचणीच्या नोंदी मागवल्या आणि वर्षानुवर्षे छापल्या. आपसूक देवी आलेल्यांपैकी साधारण सहा-सातांतला एक मरतो. टोचलेल्यांपैकी पन्नासांतला एक. इतकेच. पण दोन मृत्युदर शेजारी-शेजारी मांडून वाचकाला ‘आता तू ठरव’ म्हणणे ही तेव्हा अगदी नवी गोष्ट होती.

व्हॉल्तेअर १७२३ मध्ये देवीतून मरता मरता वाचला होता. पुढे इंग्लंडमध्ये राहून आल्यावर त्याने लिहिलेल्या पत्रांच्या पुस्तकात अकरावे पत्र टोचणीवर आहे. सुरुवातीलाच तो सांगतो की युरोपभर इंग्रजांना मूर्ख आणि वेडे म्हणतात: मूर्ख, कारण देवी येऊ नये म्हणून ते मुलांना देवी देतात; वेडे, कारण येईलच असे नाही अशा संकटासाठी ते नक्की येणारे दुखणे ओढवून घेतात. आणि इंग्रज म्हणतात, तुम्ही भित्रे, मुलांना जरासे दुखेल म्हणून त्यांना मरू देता. फ्रेंच आवृत्ती निघाली त्याच वर्षी, १७३४ मध्ये, पॅरिसच्या न्यायालयाने हे पुस्तक जाळायचा हुकूम दिला. एकट्या टोचणीमुळे नव्हे, पण ते पत्रही त्याच आगीत गेले.

पॅरिसमध्ये गोष्ट हळूहळू सरकली. पेरूपर्यंत जाऊन पृथ्वी मोजून आलेला ला काँदामीन याने १७५४ मध्ये विज्ञान अकादमीपुढे टोचणीची जोरदार बाजू मांडली. दोन वर्षांनी जिनिव्हाचा डॉक्टर त्रॉनशँ याने ऑर्लेआँच्या ड्यूकची मुले टोचली. आणि मग १७६० मध्ये असे काही घडले की जे मला या साऱ्या शतकातले सर्वांत सुंदर भांडण वाटते.

बाझेलचा गणिती डॅनियल बर्नुली (तो वैद्यकही शिकलेला होता) याने प्रश्न असा घातला: देवी नाहीशी झाली तर माणसाचे सरासरी आयुष्य किती वाढेल? ऐकायला सोपे वाटते. देवीचे मृत्यू एकूण मृत्यूंतून वजा करा, झाले. पण तसे होत नाही. देवीतून वाचलेले मूल पुढच्या वर्षी गोवराने जाऊ शकते. वाचवलेला जीव अमर होत नाही, तो बाकीच्या मरणांच्या रांगेत उभा राहतो. त्यात भर अशी की, मृत्यूंच्या वयवार नोंदी होत्या, पण कोणत्या वयात कोण देवीने गेले हे त्यात नव्हते. बर्नुलीने हॅलीचा, धूमकेतूवाल्याच हॅलीचा, ब्रेस्लाऊ शहरावरून केलेला आयुष्यतक्ता घेतला आणि दोन अंदाज धरले: ज्यांना अजून देवी आल्या नाहीत त्यांच्यातल्या आठांतल्या एकाला दरवर्षी त्या येतात, आणि आलेल्या आठांतला एक मरतो. त्यावरून वर्षागणिक हिशेब केला. उत्तर आले, सरासरी आयुष्य २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल. दोनशेतले एक मूल सुईनेच दगावले असे धरले तरी यातले दोन महिनेसुद्धा कमी होत नाहीत. करोनाच्या काळात साथीचे जे आलेख आपण रोज पाहत होतो, त्यांच्यामागच्या गणिताचे मूळ शोधत गेलो तर या निबंधापाशी पोहोचतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दालाँबेर उठला. विश्वकोशाचा एके काळचा सहसंपादक, टोचणीच्या बाजूचाच माणूस. तरी त्याने विचारले: समजा तीस वर्षांच्या माणसाचे सरासरी आणखी तीस वर्षे आयुष्य उरले आहे, आणि टोचून घेतल्यास चौतीस. ती चार वर्षे मिळणार साठीनंतर, थकल्या वयात. पण सुईने मरायचे तर ते या महिन्यात, भर तारुण्यात. या दोन गोष्टी एका तागडीत घालायच्या कशा? सरकारला सगळे नागरिक सारखे, त्याने सरासरी पाहावी. आईसमोर मात्र एकच मूल असते.

दिदरोला मित्राचे हे बोलणे रुचले नाही. अशा शंका लोकांत पसरवल्या तर माणसे मरतील, अशा अंगाने त्याने त्यावर टीका लिहिली. मला दोघेही पटतात. बर्नुलीचा आकडा नसता तर धोरण अंधारात चाचपडले असते. दालाँबेरची शंका नसती तर आकड्यामागचे माणूस दिसले नसते. आजही लस घ्यायला बिचकणाऱ्या आईला आपण पटकन अडाणी ठरवतो, तेव्हा दालाँबेरचा निबंध आठवावा. तिला सरासरी नको असते, तिला तिच्या बाळाचे सांगा.

पॅरिसच्या न्यायालयाला मात्र कोणाचाच निबंध पुरला नाही. जून १७६३ मध्ये त्याने शहरात टोचणीला बंदी केली आणि वैद्यक व धर्मशास्त्राच्या पंडितांकडे अभिप्राय मागितला. वैद्यांचा घोळ वर्षानुवर्षे चालला. इकडे १७६८ मध्ये रशियाच्या कॅथरीनने इंग्लंडहून थॉमस डिम्सडेलला बोलावून स्वतःला आणि मुलाला टोचून घेतले. काही विपरीत झालेच तर डिम्सडेलला देशाबाहेर पळता यावे म्हणून वाटेवर घोडे तयार ठेवले होते. त्यांची गरज पडली नाही. १० मे १७७४ रोजी फ्रान्सचा राजा पंधरावा लुई देवीने गेला, आणि पुढच्याच महिन्यात त्याचा नातू, नवा राजा, आणि राजाचे दोन्ही भाऊ टोचून घेऊन मोकळे झाले. पॅरिसच्या बायकांनी त्या आनंदात टोचणीच्या नावाची केशरचनाही काढली. वीस वर्षांच्या वादविवादाला जे जमले नाही ते एका मृत्यूने केले.

‘स्वतःची बुद्धी वापरण्याचे धैर्य कर’ असे १७८४ मध्ये लिहिणारा जर्मन तत्त्वज्ञ कांट १७९७ च्या आपल्या नीतिशास्त्रात या सुईपाशी येऊन थबकतो. टोचून घेणारा माणूस जीव वाचवण्यासाठीच का होईना, जीव धोक्यात घालतो. हे त्याला करता येते का? प्रश्न मांडून तो पुढे जातो, उत्तर देत नाही.

तोवर हा प्रश्नच बदलला होता. १४ मे १७९६ रोजी इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नरने जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला गायीच्या देवीची लस टोचली होती. तिच्याने माणसाची देवी येत नसे, ती इतरांत पसरत नसे, आणि दालाँबेरच्या तागडीतले एक पारडे जवळजवळ रिकामे झाले. ही लस व्हिएन्नाहून इस्तंबूल, तिथून बगदाद आणि बसरा अशी, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर, जिवंत ठेवत आणली गेली. ज्या शहरातून मेरीने सुई युरोपात नेली, त्याच शहरावरून ती पूर्वेकडे परतत होती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली, आणि पुढच्या आठवड्यात तिच्या दंडावरच्या फोडातली लस आणखी पाच मुलांना.